आर्डनवूडचे मोठे घर आणि मजुरांची खोली

आपल्या आगमनाच्या या स्मरणिकेत बोटी, कोठ्या, देवळे आणि बैठका यांवर जाणकारांचे लेख आहेतच. आम्ही मात्र समुद्रापलीकडच्या एका जुन्या शेतघराविषयी लिहिणार आहोत. हे घर अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यातल्या फ्रीमाँट शहरात आहे. त्याचा आपल्याशी काय संबंध, असे वाचकांना वाटेल. संबंध आहे. ज्या शेतांवर माणसे दूरदेशाहून आणून राबवली गेली, तिथले काय जपले जाते आणि काय मातीत जाते, हा प्रश्न त्यांचा तसाच आपलाही आहे.

आमची लेक फ्रीमाँटला असते. तिच्याकडे मुक्काम असला की आम्ही नातवंडांना घेऊन आर्डनवूडच्या शेतावर जातो. तिथे शाळांच्या सहली येतात. मुले कोंबड्या-शेळ्या बघतात, लोहारशाळेत भाता कसा चालतो ते बघतात, रुळांवरच्या गाडीत बसतात. आमचा सारा जन्म प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेला, त्यामुळे मुले रमली की आमची नजर भिंतींकडे आणि पाट्यांकडे जाते. त्या पाहण्यातून आणि वाचनातून जे गोळा झाले, ते इथे मांडत आहोत.

आधी जमिनीची गोष्ट

फ्रीमाँट हे नाव तसे नवे. १९५६ साली सेंटरव्हिल, नाइल्स, अर्व्हिंग्टन, मिशन सान होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही पाच गावे एकत्र करून हे शहर झाले. जमीन मात्र फार जुन्या वस्तीची. सान फ्रान्सिस्को उपसागराच्या या काठावर ओलोनी लोक हजारो वर्षे राहत होते. आर्डनवूडजवळच्या कायोटी टेकड्यांच्या परिसरात त्यांच्या वस्तीचे, शिंपल्यांचे थर साठून झालेले उंचवटे आजही राखलेले आहेत.

१७९७ साली स्पॅनिश पाद्र्यांनी इथे मिशन सान होजे स्थापन केले. ओलोनी लोकांना मिशनमध्ये आणून त्यांच्याकडून शेती, गुरे आणि बांधकाम करून घेतले गेले. परक्या रोगांनी ती माणसे मोठ्या संख्येने मेली. पुढे मेक्सिकोच्या राजवटीत, १८३० नंतरच्या दशकात, मिशनच्या जमिनी काढून घेतल्या गेल्या आणि बड्या जहागिरदारांच्या हाती गेल्या. १८४८ मध्ये कॅलिफोर्निया अमेरिकेकडे आला, त्याच वर्षी सोने सापडले आणि जगभरची माणसे तिकडे धावली.

त्या लोंढ्यात १८४९ साली जॉर्ज वॉशिंग्टन पॅटरसन नावाचा तरुण आला. सोन्याने त्याला काही दिले नाही. तो उपसागराच्या काठच्या सपाट, काळ्याभोर जमिनीकडे वळला. आधी दुसऱ्यांच्या शेतात मजुरी केली, मग थोडी जमीन घेतली, आणि मग घेतच गेला. भरभराटीच्या काळात या घराण्याकडे सुमारे ६,००० एकर जमीन होती. सोन्याच्या खाणीतल्या माणसांना गहू लागत होता, भाजीपाला लागत होता. खाणीत जे मिळाले नाही, ते त्याला त्या खाणवाल्यांना जेवू घालण्यातून मिळाले.

घर कसे आहे

पॅटरसनने १८५७ साली शेतावर एक साधे लाकडी घर बांधले. पुढे १८७७ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्याने क्लारा हॉली हिच्याशी लग्न केले. दोन मुलगे झाले. १८८९ मध्ये जुन्या घराला लागूनच मोठे नवे घर उभे राहिले. जुने पाडले नाही, नव्यात सामावून घेतले. आज ज्याला 'पॅटरसन हाउस' म्हणतात ती वास्तू म्हणजे ही दोन घरे एकमेकांत गुंफलेली आहेत.

आपल्या कोकणातल्या पूर्वजांचे घर डोळ्यांपुढे आणा. जांभ्या दगडाचे जोते, मातीच्या किंवा चिऱ्याच्या भिंती, पुढे ओटी, बाजूला पडवी, मधे माजघर. भिंत जाड, कारण भार भिंत उचलते. कॅलिफोर्नियातले लाकडी घर वेगळ्या रीतीने उभे राहते. बारीक लाकडी पाट्या जवळजवळ उभ्या करून खिळ्यांनी ठोकायच्या, म्हणजे पिंजऱ्यासारखा हलका सांगाडा होतो. बाहेरून फळ्या मारायच्या, आतून गिलावा. मोठे खांब-तुळ्या लागत नाहीत, कसबी सुतारांची फौज लागत नाही. गिरणीत कापलेले लाकूड आणि यंत्रावर झालेले खिळे मिळू लागले म्हणून हे शक्य झाले. त्या भागात रेडवूड नावाचा प्रचंड उंच वृक्ष होतो. त्याच्या लाकडाला वाळवी आणि कुजणे सहजासहजी शिवत नाही. म्हणून तिथली कितीतरी जुनी घरे त्या लाकडाची.

हलक्या सांगाड्याचा आणखी एक गुण तिथे कामाला येतो. तो भाग भूकंपाचा आहे. २१ ऑक्टोबर १८६८ रोजी हेवर्डच्या भेगेवर मोठा भूकंप झाला आणि मिशन सान होजेचे कच्च्या विटांचे जाड भिंतींचे देऊळ कोसळले. लाकडाचा सांगाडा हादऱ्याबरोबर थोडा हलतो, वाकतो आणि पुन्हा जागेवर येतो. मातीची भिंत तडकते आणि खाली येते. आज मिशनमध्ये दिसते ते देऊळ पुढे मागच्या शतकात नव्याने बांधलेले आहे. पॅटरसनचे १८५७ चे घर मात्र तेव्हाही उभे होते, आजही आहे.

१८८९ चा भाग 'क्वीन अ‍ॅन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शैलीचा आहे. तिला इंग्लंडच्या राणीचे नाव असले, तरी अमेरिकेत ती सुखवस्तू लोकांच्या लाकडी घरांची शैली झाली. या शैलीत घराची डावी-उजवी बाजू सारखी ठेवत नाहीत. कुठे खिडकी पुढे आलेली, कुठे छप्पर उंचावलेले, पुढे ऐसपैस व्हरांडा, भिंतीवर माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी चिपा, खांबांना आणि कठड्यांना कातलेली नक्षी. ही नक्षी हाताने कोरलेली नसे. वाफेवर चालणाऱ्या यंत्रांवर ती कातून निघे आणि घरमालकाच्या ऐपतीप्रमाणे लावली जाई.

म्हणूनच या घराच्या भिंती वहीखात्यासारख्या वाचता येतात. १८५७ चा साधा भाग नव्याने शेत उभे करणाऱ्या माणसाचा आहे. १८८९ चा नटवा भाग त्याच माणसाचा आहे, पण मधल्या बत्तीस वर्षांची कमाई त्यात उतरली आहे. ही कमाई कोणाच्या हातांनी झाली, ते मात्र नक्षीत दिसत नाही.

राबणारे हात

एवढ्या जमिनीची पेरणी, कापणी, बांधबंदिस्ती एका कुटुंबाने होत नसते. त्या काळी कॅलिफोर्नियाच्या शेतांवर प्रथम चिनी, मग जपानी, पोर्तुगीज, पुढे मेक्सिकन आणि फिलिपिनो मजूर आले. फ्रीमाँटच्या परिसरातही तेच झाले. चिनी मजूर आपल्यासारखे पाच वर्षांच्या सरकारी करारावर आलेले नव्हते. बोटीचे भाडे कोणी तरी उसने द्यायचे आणि मजुरीतून ते फेडून घ्यायचे, अशी बहुतेकांची रीत होती. करार कागदावर नसला तरी कर्ज डोक्यावर असे. आपल्या पणजोबांना हा फरक सांगितला असता, तर त्यांनी तो फार मोठा मानला नसता.

नाइल्सच्या खोऱ्यातून जाणारा लोहमार्ग चिनी मजुरांनी डोंगर फोडून घातला. सप्टेंबर १८६९ मध्ये त्या वाटेने गाड्या धावू लागल्या आणि उपसागराचा काठ पूर्व किनाऱ्याशी जोडला गेला. १८७० नंतरच्या दशकात आर्डनवूडच्या शेताजवळून अरुंद रुळांची दुसरी आगगाडी सुरू झाली. तिच्यामुळे इथला माल ताजा असतानाच बाजारात पोहोचू लागला. हीच लाइन पुढे सांताक्रूझच्या डोंगरातून नेताना, नोव्हेंबर १८७९ मध्ये, बोगद्यात ज्वालाग्राही वायूचा स्फोट झाला आणि तीसच्या आसपास चिनी मजूर मेले. आर्डनवूडची रुळांवरची गाडी त्या अरुंद रुळांच्या काळाची आठवण म्हणून आहे. तिच्यात बसलेल्या आमच्या नातवंडांना आम्ही ही गोष्ट सांगितली.

१८८२ मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी केली. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की ज्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही, अशा परदेशी लोकांनी शेतजमीन विकत घेऊ नये. याचा फटका चिनी-जपानी लोकांना बसला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आलेल्या पंजाबी मजुरांनाही बसला. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्व नाकारले. ती वाट १९४६ मध्ये मोकळी झाली.

याच काळात एक मराठी माणूसही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शेतीशास्त्र शिकत होता. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. ते गदर चळवळीच्या आरंभीच्या मंडळींपैकी होते. त्या चळवळीत शेतांवर आणि लाकडाच्या गिरण्यांत राबणारे भारतीय मजूर मोठ्या संख्येने होते. पुढे खानखोजे मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागले आणि मक्याच्या व गव्हाच्या वाणांवर त्यांनी काम केले. परक्या मुलखातल्या शेतीशी मराठी माणसाचे नाते फक्त उसाचे नाही, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

इथे आपल्या मॉरिशसचा एक फरक नमूद केला पाहिजे. आपल्याकडे १८७० नंतरच्या दशकांत अडचणीतल्या कोठीवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या आणि करार संपलेल्या भारतीयांनी पै-पै साठवून त्या घेतल्या. छळ आपल्या वाट्याला कमी आला नाही. पण जमिनीचा तुकडा नावावर करता आला, त्यावर घर, देऊळ आणि बैठका उभी राहिली. कॅलिफोर्नियात राबणाऱ्या आशियाई माणसांपुढे ते दार कायद्यानेच लावलेले होते. म्हणून तिथे मजुरांच्या वंशजांकडे दाखवायला जुनी घरे फार कमी उरली.

काय राखले गेले

जॉर्ज पॅटरसन १८९५ मध्ये वारला. शेत त्याच्या कुटुंबाकडे राहिले. शेक्सपिअरच्या 'अ‍ॅज यू लाइक इट' नाटकातल्या आर्डन या वनावरून शेताला आर्डनवूड नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आजूबाजूला घरे, रस्ते आणि कारखाने वाढत गेले आणि शेतजमिनी भराभर संपल्या. हे शेतही गेले असते. पण त्यातला २०५ एकरांचा भाग सार्वजनिक झाला, आणि १९८५ पासून ते ऐतिहासिक शेत म्हणून लोकांना खुले आहे. शेत प्रादेशिक उद्यान मंडळ चालवते, घराची व्यवस्था फ्रीमाँट शहराकडे आहे. त्याच १९८५ मध्ये या जागेची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत झाली. ही नोंदवही १९६६ च्या कायद्याने सुरू झालेली आहे.

राखणे म्हणजे नुसते कुलूप लावणे नव्हे, हे तिथे शिकायला मिळते. शेतात आजही पिके निघतात, भाजी विकली जाते. धान्याचे कोठार, लोहारशाळा, गोठे वापरात आहेत. निलगिरीच्या जुन्या राईत हिवाळ्यात मोनार्क जातीची केशरी फुलपाखरे मुक्कामाला येतात. ही निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाची, म्हणजे तीही परदेशातून आलेली. परक्या झाडावर प्रवासी फुलपाखरू विसावते, हे पाहून आम्हाला आपलीच माणसे आठवली.

पण मोठे घर राखले गेले ते सुंदर होते म्हणून, आणि त्याच्या मागे मालकाचे नाव होते म्हणून. मजुरांच्या झोपायच्या खोल्यांना ना नक्षी, ना नाव. त्या बहुतेक ठिकाणी पडल्या, जळल्या किंवा सरपणाला गेल्या. म्हणून फ्रीमाँटमधलीच दुसरी एक जागा आम्हाला अधिक मोलाची वाटली. नाइल्सजवळ शिन कुटुंबाचे जुने शेत आहे. जेम्स आणि लुसी शिन यांची तिथे फळझाडांची रोपवाटिका होती, आणि त्यांचे १८७६ चे मोठे घर आज शहराच्या बागेत जपलेले आहे. त्या बागेत चिनी मजुरांच्या राहण्याची एक साधी लाकडी इमारतही आहे. स्थानिक मंडळींनी, त्यात चिनी वंशाच्या लोकांनी पुढाकार घेऊन, ती वाचवण्याचे काम हाती घेतले. तिच्यात बघण्यासारखी शोभा नाही. भिंती, छप्पर आणि अनेक माणसांची दाटीची झोप. पण ती उभी आहे म्हणून मुलांना बोट दाखवून सांगता येते की ज्यांनी झाडे लावली ती माणसे इथे राहत होती.

शिनांच्या घरातली एक गोष्ट शिक्षकांनी जरूर लक्षात ठेवावी. त्यांची मुलगी मिलिसेंट शिन हिने आपल्या भाचीच्या, म्हणजे भावाच्या मुलीच्या, जन्मापासूनच्या वाढीची रोजची टिपणे याच घरी ठेवली. बाळ कधी बघते, कधी पकडते, कधी बोलते. त्या अभ्यासावर १८९८ मध्ये तिला कॅलिफोर्निया विद्यापीठाची डॉक्टर पदवी मिळाली. त्या विद्यापीठात ती मिळवणारी ती पहिली स्त्री. एका बाळाची इतकी बारीक नोंद त्या शेतावर ठेवली गेली. त्याच काळात शिरगणतीच्या कागदांवर चिनी मजुरांची नावे अनेकदा 'अह' या अक्षराने सुरू झालेली दिसतात. 'अह' हे नाव नाही, ती त्यांच्या बोलीतली लाडाने हाक मारायची रीत आहे. लिहिणाऱ्याने हाक ऐकली आणि तेच नाव म्हणून टिपले. खरे नाव राहून गेले.

आपल्या हातात काय आहे

आपल्या पूर्वजांच्या नावांचेही कारकुनांनी हाल केलेच. बापाचे नाव नातवाचे आडनाव झाले, गावाचे नाव ओळखू येईनासे झाले. पण आपले एक भाग्य मोठे आहे. प्रत्येकाला क्रमांक दिला गेला होता आणि त्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. बोटीचे नाव, वय, गाव आणि पुढच्या काळात छायाचित्रही. कॅलिफोर्नियातल्या कितीतरी कुटुंबांना एवढे मिळाले तर ती पेढे वाटतील.

इमारतींचे म्हणाल, तर पोर्ट लुईचा आप्रवासी घाट आपल्याकडे आहे. १८४९ मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले, तिथल्या १६ पायऱ्या चढून लाखो माणसे या भूमीवर आली आणि २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा मानले. मूळ आवाराचा थोडाच भाग उरला होता, तरीही तो जागतिक ठरला, हे विसरू नये. त्रियानोंच्या दगडी, कमानीच्या छताच्या मजूर-खोल्याही राष्ट्रीय वारशात आहेत. जगात मालकांचे वाडे पुष्कळ जपले गेले आहेत, मजुरांच्या खोल्या फार थोड्या. त्यांतल्या काही आपल्या देशात आहेत.

मात्र या दोन-तीन ठिकाणांवर समाधान मानून चालणार नाही. कोठ्यांच्या जुन्या कांमधली पत्र्याची आणि लाकडाची घरे, जुन्या बैठकांच्या खोल्या, मराठी मंडळींनी वर्गणी काढून बांधलेली पहिली लहान देवळे, हे सारे दर वर्षी थोडे थोडे जात आहे. देऊळ मोठे आणि सिमेंटचे झाले याचा आनंद आहेच. पण जुने पाडण्याच्या आधी कोणी त्याचे माप घेतले का, फोटो काढला का, कोणत्या साली कोणी बांधले ते लिहिले का?

फ्रीमाँटच्या त्या मंडळींकडे पाहून आम्हाला सुचते ते काम घरच्या घरी होण्यासारखे आहे. आपल्या गावातली साठ-सत्तर वर्षांपेक्षा जुनी प्रत्येक इमारत वहीत टिपावी. जागा, मालक, बांधणी कशाची, छप्पर कशाचे, तिथे कोण राहिले. चारही बाजूंनी फोटो काढावा आणि मागे तारीख घालावी. घरातल्या आजी-आजोबांना विचारून खोलीचा नकाशा काढावा: चूल कुठे, देव कुठे, किती माणसे कुठे झोपत. शाळेतली दहा-बारा वर्षांची मुले हे काम आनंदाने करतात. आम्ही वर्गात नकाशे करून घेतलेले आहेत, आणि मुलांइतके प्रामाणिक माप मोठी माणसे घेत नाहीत. त्या वह्यांची एक प्रत संस्थेच्या कपाटात ठेवावी.

आर्डनवूडला मोठे घर आहे, पण त्यात राबलेल्या माणसांची घरे शोधावी लागतात. आपल्याकडे अजून दोन्ही दाखवता येतील, आणि सांगणारी माणसेही आहेत. त्यातले ऐंशी-नव्वदीचे फार थोडे उरले आहेत. तेव्हा पुढच्या सणाला मंडळी घरी जमली की आधी वही काढावी.